सीटची कॅरेज : पोर्ट टॅकवरच का अडकते ते सापडलं

शिडाच्या या होडीत वाऱ्याच्या बाजूला बाहेर काढलेल्या फळीवर बसायचं असतं; ती फळी घेऊन दोन रुळांवर पुढे-मागे सरकणारी चौकट म्हणजे कॅरेज. ती पुन्हा अडकली, तीही नायलॉनचे सरकते तुकडे काढून डेलरिनचे (एक कडक प्लॅस्टिक) बसवल्यावर. मागच्या नोंदीत सगळा दोष नायलॉनवर टाकला होता. तो अगदीच खोटा नव्हता: 20.00 मिमीचा तुकडा दिवसभर पाण्यात ठेवला की व्हर्नियरवर 20.08 येतात, आणि फटही जवळपास तेवढीच ठेवली होती. डेलरिन फारसं फुगत नाही, त्यामुळे ते राहील. (कापताना जिगसॉचा वेग कमी ठेवा, नाहीतर कड वितळून पात्यामागे पुन्हा चिकटते. राउटर असेल तर राउटरच वापरा.)

खरी खूण वेगळीच होती. फळी पूर्ण बाहेर असताना स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून) कॅरेज कुरकुरत का होईना सरकते. पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून) जागची हलत नाही. कॅरेजला सरळ धरणारा ओठ फक्त उजव्या रुळावर आहे, डावा रूळ मोकळा. दोन्हीकडे ओठ ठेवले तर रूळ तंतोतंत समांतर असावे लागतात, म्हणून तसं केलं होतं.

आता हिशोब. रुळांत 750 मिमी अंतर, बसणारा 80 किलोचा, वाऱ्याकडच्या रुळाच्या 1300 मिमी बाहेर. पलीकडचा रूळ 139 किलोने वर उचलला जातो आणि वाऱ्याकडचा 219 किलोने खाली दाबला जातो. एकूण 358, म्हणजे वजनाच्या जवळजवळ साडेचार पट! घर्षणांक 0.2 धरला तर नुसतं सरकवायलाच 72 किलोचा जोर हवा.

पण जोर कमी पडला तर कॅरेज जड जाते, अशी घट्ट रुतत नाही. रुतते ती तिरकी झाल्यामुळे, एका कोपऱ्याला धरून ओढलेल्या ड्रॉवरसारखी. ओढ ओठापासून किती लांब चालेल, तर तुकड्याची लांबी भागिले घर्षणांकाची दुप्पट. आपला तुकडा 120 मिमी, म्हणजे मर्यादा 300 मिमी. मीठ-वाळूने घर्षणांक 0.3 झाला की 200. आणि दोर हातातून थेट डेकवरच्या कडीला जातो, त्यामुळे ओढ लागते फळीच्या टोकाला: स्टारबोर्ड टॅकवर ओठापासून 1300, पोर्टवर 2050. मर्यादा दोन्हीकडे ओलांडलेलीच, पोर्टवर कितीतरी जास्त.

पहिला बेत तुकडा लांब करायचा होता. 2050 साठी 820 मिमी लागतात. 1200 च्या रुळावर मग सरकायला उरतात 380. बेत रद्द.

त्याऐवजी ओढीची जागा बदलली. दोर पुढच्या डेकच्या मध्यावरच्या कडीतून कॅरेजच्या मधल्या ब्लॉकमध्ये (कप्पीत), तिथून वळून फळीवरून हातात. मागे न्यायला तसाच दुसरा. आता होडीकडून येणारी ओढ बरोबर मध्यरेषेवर लागते, आणि घर्षणाचा मध्य तिथून फक्त 84 मिमी वाऱ्याकडे. किनाऱ्यावर होडी स्टँडला बांधून, फळीच्या टोकाला 80 किलोच्या वाळूच्या गोण्या लावून बघितलं: दोन्ही टॅकच्या बाजूंना सरकली! जड आहे, पण रुतत नाही. ओढ सुरू होताना येणारा तो कर्र आवाजही गेला.

हे लिहिताना ड्रॉइंग बोर्डावरची समांतर पट्टी आठवली. तिला ओठ नसतो, दोन तारा तिला सरळ ठेवतात. तेच इथे: 4 मिमी डायनिमाच्या (एक मजबूत कृत्रिम धागा) दोन दोऱ्या, प्रत्येकी 2.6 मीटर, कॅरेजवर चार लहान ब्लॉक. पहिली डाव्या रुळाच्या पुढच्या टोकापासून डाव्या ब्लॉकला, कॅरेजवरून आडवी उजव्या ब्लॉकला, तिथून उजव्या रुळाच्या मागच्या टोकाला. दुसरी नेमकी उलट, आडव्या भागात 10 मिमी वरून, म्हणजे घासणार नाहीत. डावी बाजू जितकी पुढे जाईल तितकीच उजवी जायलाच हवी. मग उजवा ओठ तासून टाकता येईल, तुकडे फक्त वर-खाली भार घेतील आणि रुळांच्या समांतरपणाची कटकट मिटेल. आडवा धक्का घ्यायला दोन्हीकडे 3 मिमी सैल टेकू पुरेत.

डायनिमा सतत ताणाखाली हळूहळू लांबत राहतो, म्हणून मागची टोकं गाठीने कायमची बांधायची नाहीत. फेऱ्या मारून आवळता येतील अशी ठेवायची. तुकड्यांखाली रोलर घालायचा विचार होता, तो दोऱ्या बसेपर्यंत थांबवला आहे.