काळ्या मातीचा चिखल आणि गाडीतल्या मॅट

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर काटोल रस्त्यापलीकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत दहा पावले चालले, तरी बुटाच्या तळाला दोन बोटांचा थर चढतो, पाय जड होतात, आणि बांधावरच्या दगडावर कितीही घासले तरी त्यातला निम्मा चिखल आपल्याबरोबर गाडीत येतोच. ही काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते आणि ते आपल्या थरांमध्ये पाणी धरून फुगते. म्हणूनच ही माती पावसाळ्यात सोडता सुटत नाही आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सर्व ऋतूंत चालणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मॅटची कल्पना मुळात बर्फ पडणाऱ्या देशांतली, तिथल्या वितळत्या बर्फासाठी आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठासाठी. आपल्याकडे नागपुरात तिची परीक्षा या मातीशी आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हाशी असते, आणि निवडही त्याच हिशेबाने करावी असे मला वाटते.

माझी पहिली निवड चुकली होती. गाडी घेतली तेव्हा शहरातल्या एका दुकानातून मी सेव्हन-डी म्हणतात त्या मॅट बसवून घेतल्या. वर रेक्झिनसारखा चकचकीत थर, मध्ये फोम, खाली कापड, आणि सगळ्यावर चौकटीची सुरेख शिवण. थ्री-डी, फाइव्ह-डी, सेव्हन-डी हे आकडे कोणत्याही मानकाने ठरवलेले नाहीत, ती केवळ विक्रीसाठी दिलेली नावे आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सात हा आकडा पाचापेक्षा मोठा, एवढेच मी पाहिले. ऑगस्टपर्यंत गाडीत कुबट वास येऊ लागला. मॅट उचलून पाहिली, तर शिवणीच्या प्रत्येक छिद्रातून पाणी फोममध्ये आणि फोममधून खालच्या कार्पेटमध्ये झिरपलेले होते. कार्पेटची कड उलटवून त्याखालचा नमदा मुठीत दाबला, तेव्हा बोटांच्या फटींतून गढूळ पाणी वाहिले आणि हाताला शेवाळासारखा बुळबुळीतपणा लागला. पुढच्या सीटखाली वायरींचे कनेक्टर असतात आणि नमद्याखाली पत्रा असतो. दोन्ही गोष्टींना ओल सोसत नाही. सीट काढून, कार्पेट वर उचलून, उघडीप मिळेल तशी ती जागा वाळवायला आम्हाला सहा दिवस लागले.

तेव्हापासून मॅट पाहताना मी आधी तिची कड पाहतो. मॅट ही परातीसारखी असली पाहिजे: अखंड, एकाच साच्यातून निघालेली, कुठेही शिवण नसलेली आणि चारही बाजूंनी उभी कड असलेली, म्हणजे तिच्यात सांडलेले पाणी तिच्यातच राहील आणि मॅट उचलून ते बाहेर ओतता येईल. सपाट मॅटवर पाणी थांबत नाही, ते उताराने थेट कार्पेटकडे जाते. मात्र दाराच्या बाजूची कड उंबऱ्याच्या पातळीवरच संपलेली असावी. आमचे बाबा सत्तरी ओलांडलेले आहेत आणि उतरताना पाय फारसा उचलत नाहीत. एका मॅटच्या उंच कडेला त्यांची चप्पल अडकलेली मी पाहिली आणि ती मॅट घेण्याचा विचार तिथेच सोडला.

साहित्यापैकी पीव्हीसी सगळ्यात स्वस्त पडते. ते मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेले असते, ते उन्हात हळूहळू उडून जाते. बंद गाडीत समोरच्या काचेला आतून जो तेलकट थर बसतो त्यात या द्रव्याचाही वाटा असतो, आणि ते निघून गेले की मॅट कडक होऊन चिरते. रबर जड असल्यामुळे जागचे हलत नाही, ही त्याची मोठी बाजू. पण उन्हात उभ्या गाडीचे दार उघडल्यावर त्याचा वास बराच वेळ जात नाही. ईव्हीए, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खोलगट घरांची हलकी मॅट, सध्या पुष्कळ दिसते. शहरातली धूळ ती छान धरून ठेवते, परंतु काळी माती त्या घरांमध्ये बसून वाळली की प्रत्येक घर ब्रशने वेगळे कोरावे लागते. शिवाय तापून ती आक्रसते आणि कडेने कार्पेट उघडे पडते. नूडल मॅटचा, म्हणजे प्लास्टिकच्या गुंतलेल्या तंतूंच्या मॅटचा, विचार शेतात जाणाऱ्याने करूच नये. शेवटी मी टीपीई, म्हणजे थर्मोप्लास्टिक इलास्टोमर, या साहित्याची मॅट घेतली. ती साच्यातला आकार टिकवून धरते, रबरापेक्षा हलकी असते, वास जवळजवळ नसतो. उणे ४० अंशांतही लवचीक राहते असे तिच्या खोक्यावर छापलेले होते. आमच्या डिसेंबरातल्या थंडीत त्याची गरज पडत नाही, तेव्हा त्या आकड्यासाठी कोणी जास्त पैसे मोजू नयेत. पृष्ठभागावरच्या खाचा मात्र अरुंद आणि खोल नसून रुंद आणि उथळ असाव्यात, म्हणजे वाळलेला चिखल मॅट वाकवून झटकली की पापुद्र्यासारखा सुटतो.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि दुकानात तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस ब्रँडची ईएस ३५० ही गाडी आवरेनाशा वेगाने जाऊन अपघात झाला आणि आतील चौघेही दगावले. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची ऑल-वेदर मॅट टाकलेली होती, ती हुकांना नीट अडकवलेली नव्हती, आणि अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल तिच्या कडेत अडकले होते. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेतील सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या बाजूची मॅट काढून ठेवायला सांगितले. म्हणजे जी उभी कड पाणी अडवते, तीच चुकीच्या जागी आली तर पेडलही अडवते.

म्हणून चालकाची मॅट त्याच मॉडेलची आणि त्याच वर्षाच्या बनावटीची हवी. परदेशातून मागवलेली मॅट बहुधा डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी कापलेली असते; आपल्या उजव्या बाजूला ती बसत नाही आणि कात्रीने कापून बसवूही नये. गाडीच्या फरशीवर कंपनीने दिलेले जे दोन हुक असतात, त्यांत मॅटची भोके घट्ट बसली पाहिजेत. जुन्या मॅटवर नवी मॅट टाकण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, कारण जुनी टाकून द्यायला जीव होत नाही; पण वरच्या मॅटला हुक सापडत नाही आणि ती टाचेबरोबर पुढे सरकत जाते. चालकाच्या बाजूला एकावर एक दोन मॅट कधीही असू नयेत.

नागपूरच्या सदर भागातल्या ज्या दुकानातून मी मॅट घेतली, तिथे इंजिन बंद ठेवून आणि हँडब्रेक ओढून मी आधी अ‍ॅक्सिलरेटर, मग ब्रेक, मग क्लच असे एकेक पेडल तळापर्यंत दाबून पाहिले, मॅट पायाने जोर लावून पुढे ढकलली आणि पुन्हा दाबून पाहिले. मग दुकानदारांना विचारून मागच्या मॅटमध्ये एक तांब्याभर पाणी ओतले. ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, “पाहून घ्या ना जी भाऊ, बिनधास्त पाहून घ्या. नंतर भांडायला येण्यापेक्षा हे बरं.” पाणी कडेच्या आत थांबले. पूर्ण संचाचे साडेचार हजार रुपये झाले. डिकीची मॅट मी वेगळी घेतली, संत्र्यांच्या क्रेटसाठी.

मॅट जलरोधक असली तरी खालून आलेल्या पाण्यापुढे तिचा इलाज नसतो, उलट ती झाकण होऊन बसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पूर आला, तेव्हा आमच्या परिचयातल्या दोघांच्या गाड्यांत पाणी शिरले. एकाने त्याच दिवशी मॅट काढून चारही दारे उघडी ठेवली. दुसऱ्याने वरून पुसून मॅट पुन्हा टाकल्या, आणि दिवाळीत त्याच्या गाडीत बसवत नव्हते. पाऊस नसतानाही पुढच्या डाव्या मॅटखाली ओल आढळली, तर एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली आहे का, ते आधी तपासावे.

धुण्यासाठी साधे पाणी, थोडा साबण आणि नायलॉनचा ब्रश एवढे पुरते. वॉशिंग सेंटरमध्ये गाडी दिली की टायरला लावायचे पॉलिश मॅटलाही फासतात. त्याने मॅट काळीभोर दिसते खरी, पण सिलिकॉनमुळे टाच घसरते आणि पेडलवरही तेच लागते. ते लावू नका असे मी दरवेळी सांगतो आणि गाडी परत घेताना मॅटवरून बोट फिरवून पाहतो. बागेतून निघताना मात्र घाई करत नाही. मॅट बाहेर काढून विहिरीच्या थाळ्यावर उभ्या धरतो, बाबा नळी सोडतात, आणि ती माती परत वाफ्यात जाते.