तुम्ही विचारलंत म्हणून: येशू नक्की कोण होता?

"येशू खरोखर कोण होता? थोर माणूस, संदेष्टा, की तुम्ही म्हणता तसा देव?" मी ख्रिस्ती आहे हे कळलं की हा प्रश्न बहुधा येतोच. पूर्वी मी चटकन सांगायचे, खरा देव आणि खरा मनुष्य. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेलं उत्तर. आजही मी तेच मानते. पण तोंडी बरोबर उत्तर असूनही माणूस किती चुकलेला असू शकतो, हे मला येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहून कळलं.

हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, यार्देन नदी जिथे उगम पावते त्या भागात, फिलिप्पाचा कैसरिया हे शहर होतं. तिथे पान या ग्रीक देवाची गुहा होती. थोरल्या हेरोदानं सम्राट औगुस्तासाठी त्याच भागात मंदिर बांधलं होतं, आणि 'देवाचा पुत्र' ही पदवी तर औगुस्ताच्या नाण्यांवरच असायची. त्या बाजूच्या गावांकडे चालताना नासरेथचा एक सुतार आपल्या शिष्यांना विचारतो, लोक मला कोण म्हणतात? कोणी म्हणतं बाप्तिस्मा करणारा योहान, कोणी एलिया, कोणी संदेष्टा. मग तो वळून विचारतो, "पण तुम्ही मला कोण म्हणता?" पेत्र म्हणतो, "आपण ख्रिस्त आहात."

ख्रिस्त हे काही येशूचं आडनाव नव्हे. हिब्रूतल्या 'मशीहा' या शब्दाचा तो ग्रीक अनुवाद, म्हणजे अभिषिक्त. रोमची सत्ता उलथून टाकणारा राजा येईल, अशी अनेकांची आस त्या शब्दात साठलेली होती. म्हणून येशूनं जेव्हा लगेच सांगितलं की मला दुःख सोसावं लागेल, मला जिवे मारतील, तेव्हा पेत्र त्याला बाजूला घेऊन चक्क दटावू लागला. त्यावर येशूचे शब्द फार कडक आहेत: "सैताना, माझ्यापुढून निघून जा." नाव अचूक घेतलं होतं पेत्रानं, पण त्या नावाचा माणूस त्याच्या मनात भलताच होता.

येशू होऊन गेला का, याबद्दल मी फार वेळ घालवत नाही. पंत पिलात इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमी अधिकारी होता. त्याच्या हुकमानं येशूला मृत्युदंड झाला, हे ख्रिस्ती लोकांविषयी मुळीच आपुलकी नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो. खरा वाद पुढचा आहे. अनेक जण मला सांगतात की येशूला देव ठरवलं ते इ.स. 325 मध्ये, नायसिया इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत, सम्राटाच्या दबावाखाली. हे खरं नाही. तिथला वाद आरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताचा होता. तो येशूला सर्व सृष्टीच्या वरचं स्थान द्यायचा, पण निर्माण केलेला म्हणायचा. येशू नुसताच माणूस होता, असं म्हणणारा पक्ष त्या परिषदेत नव्हताच. त्याच्या दोनशे वर्षं आधी, इ.स. 112 च्या सुमारास, धाकटा प्लिनी हा रोमी अधिकारी सम्राट ट्राजानला कळवतो की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. त्याच्याही मागे जा. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की येशूच्या नावानं प्रत्येक गुडघा टेकला जाईल. हे पत्र क्रूसानंतर साधारण तीस वर्षांच्या आतलं. आणि हे शब्द यशया या जुन्या यहुदी संदेष्ट्याच्या ग्रंथातले आहेत, जिथे 'माझ्याशिवाय दुसरा देव नाही' असं सांगून परमेश्वर ते स्वतःविषयी बोलतो. देव एकच, हे रोज प्रार्थनेत म्हणणाऱ्या यहुदी माणसानं ते शब्द येशूला लावले! ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

एकच देव मानणाऱ्या या यहुद्यांवर येशूला देव म्हणायची पाळी आली कशी? मला कफर्णहूमचं ते घर आठवतं. चौघे जण अर्धांगवायू झालेल्या माणसाला उचलून आणतात आणि गर्दीमुळे छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. येशू त्याला आधी म्हणतो, "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." ना यरुशलेमचं मंदिर, ना याजक, ना बळी. बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, मनात म्हणतात, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. येशू तो खोडून काढत नाही. आपल्याला तो अधिकार आहे असं सांगतो आणि त्या माणसाला बाज उचलून घरी जायला लावतो.

आता माझी चूक सांगते. वडिलांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना येशूच्या मित्राची, लाजराची, गोष्ट वाचून दाखवत होते. लाजर मेलाय, कबरेत ठेवून चार दिवस झालेत, त्याची बहीण मरीया येशूच्या पाया पडून रडते आहे, आणि येशूला ठाऊक आहे की थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार. तरी शुभवर्तमान लिहिणारा योहान म्हणतो, "येशू रडला." दोनच शब्द. वडिलांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. तोवर मी मनातल्या मनात वाटणी करून ठेवली होती: रडला तो त्याच्यातला माणूस, देव मात्र कोरडाच राहिला. इ.स. 451 मध्ये खाल्केदोनच्या धर्मपरिषदेनं येशूच्या देवत्वाविषयी आणि मनुष्यत्वाविषयी सांगितलं होतं, मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. मी ते शिकले होते, आणि तरी नेमकी विभागणीच करत आले होते. लाजराच्या कबरेशी रडणारा आणि लाजराला हाक मारणारा एकच आहे. त्या रात्री खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मी पहिल्यांदा येशूला नीट ओळखलं.

कुणी मला विचारतं, मग हा अवतारच ना? मी तो शब्द टाळते. येशूविषयी 'शब्द देही झाला' असं योहान म्हणतो, आणि तो देह काम संपल्यावर टाकून दिलेला नाही. पुनरुत्थानानंतर आठ दिवसांनी, दारं बंद असताना, खुणांना बोट लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्यासमोर तो उभा राहतो तेव्हा हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच असतात. थोमानं त्यांना बोट लावलं की नाही, हे योहान सांगत नाही. त्या खुणा समोर असताना थोमा काय म्हणाला, तेवढं सांगतो: "माझा प्रभू आणि माझा देव!"