पॉलिहाऊसमध्ये पाऊस पडत नाही

मागच्या वर्षी पॉलिहाऊसमधला ढोबळी मिरचीचा प्लॉट काढून टाकला आणि रिकाम्या बेडवर जरा टेकलो तर ड्रिपरच्या भोवती पांढरा थर दिसला, नखाने खरवडला तर मिठासारखा भुगा हातात आला. चार वर्षं त्या १० गुंठ्यात आम्ही १९:१९:१९, १२:६१, ०:०:५० ही पाण्यात विरघळणारी खतं ड्रिपमधून एक दिवसाआड सोडत होतो, खताचा चार्ट दारालाच चिकटवलेला, माल पण जोरात निघायचा म्हणून कधी विचारच केला नाही. शेवटच्या वर्षी मात्र बेड ओला असूनही झाडं दुपारी माना टाकायची, पानाच्या कडा जळायच्या. आम्हाला वाटलं खत कमी पडतंय, डोस अजून वाढवला. तिथंच चुकलं.

मातीचा नमुना तपासला, ईसी (म्हणजे मातीत क्षार किती त्याचं माप) २.१ आला. १ च्या आत पाहिजे. कारण समजलं तेव्हा वाटलं एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही. बाहेरच्या रानात चार चांगले पाऊस झाले की जादा क्षार धुऊन खाली जातात, पॉलिहाऊसला वर प्लास्टिकचा कागद, आत पावसाचा थेंब नाही, ड्रिपचं पाणी मोजून मापून, त्यामुळे पिकानं न उचललेलं खत तिथंच राहतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागं उरतं, मग पाणी असूनही मुळाला ते ओढता येत नाही.

मग ठरवलं की रासायनिक कमी करायचं. आधी नुसतं पाणी भरपूर सोडून बेड धुऊन काढले, आणि घाईघाईत गोठ्यातलं दोन महिन्यांचं शेण ट्रॉली भरून बेडमध्ये मिसळलं. जुलैची लागवड, पाऊस म्हणून साइडचे पडदे खाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर डोळ्यातून पाणी आलं एवढा अमोनियाचा वास, आणि रोपांची पानं कडेनं करपलेली. दादा (आमचे वडील) एवढंच म्हणाले, "अरे कच्चं खत रानात एकवेळ चालतं, उघड्यावर वास उडून जातो, या बंद खोलीत कुठं जाणार?" दोनशेच्या वर रोपं परत लावावी लागली, शिवाय मुळं खाणारी हुमणी अळी निघाली ती वेगळीच.

तेव्हापासून शेणखत सहा महिने कुजल्याशिवाय आत नाही म्हणजे नाही. सावलीत ढीग लावतो, पाणी मारून वरखाली करतो, शेवटी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळतो, हातात घेतलं की चहापत्तीसारखं भुसभुशीत आणि वास मातीचा आला पाहिजे. सोबत गांडूळ खत आणि मुळांना त्रास देणाऱ्या सूत्रकृमीला आवर घालायला निंबोळी पेंड. कोंबडी खत मी टाकत नाही, त्यात क्षार जास्त असतात, म्हणजे परत तेच दुखणं.

जीवामृत पण करतो, २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पहिल्यांदा ते थेट ड्रिपमधून सोडलं आणि अर्धी लाईन चोक झाली, एक एक ड्रिपर सुईनं मोकळा करत बसलो. आता दुहेरी कापडानं गाळून मगानं झाडाच्या बुडात ओततो, वेळ जातो पण लाईन चांगली राहते.

एक गोष्ट मनापासून सांगतो, एकदम सगळं बंद करू नका. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण २० किलो नत्र असतं, तेवढं शेणखतातून द्यायचं तर जवळपास ४ टन लागतं आणि ते पण सगळं पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. ढोबळी तर खादाड पीक. मी विद्राव्य खतं निम्म्यावर आणलीत, कॅल्शियम नायट्रेट मात्र चालू आहे कारण त्याशिवाय मिरचीच्या टोकाला काळे डाग पडतात. म्हणून माल विकताना ऑरगॅनिक म्हणून विकत नाही, ते खोटं होईल.

पहिले दोन महिने झाडं बारीक दिसली, शेजारच्या प्लॉटकडे बघून जीव खाली वर व्हायचा, पण नंतर तोडे बरे झाले आणि दुपारी माना टाकणं थांबलं. परवा नमुना परत तपासला, ईसी १.३. बेड उकरला तर माती हातात फुटते आणि मुळ्या पांढऱ्याशुभ्र. अजून ०.३ खाली आणायचाय, पुढच्या लागवडीचा ढीग आत्ताच लावून ठेवलाय.