नऊ ठोक्यांचे कोल्हापूर

मराठी टंकलेखन यंत्रावर ‘कोल्हापूर’ हा शब्द उमटवायला नऊ ठोके लागत: क, काना, मात्रा, अर्धा ल, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र. त्यांपैकी मात्रा आणि उकार मारताना कागद पुढे सरकवणारे कॅरेज जागचे हलत नसे, त्यामुळे कागदावर जागा जाई ती सातच घरांची. दहावीनंतरच्या सुट्टीत राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये हा हिशोब माझ्या बोटांत बसला. पूर्णविराम जोरात मारला की कागदाला भोक पडे आणि सरांची नजर वर येई.

शोल्स या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये ज्याचे पेटंट घेतले आणि रेमिंग्टन कंपनीने १८७४ पासून जे विकले, ते यंत्र रोमन लिपीसाठी जन्मले होते. सुरुवातीला त्यात मोठी अक्षरेच होती. शिफ्टची कळ १८७८ च्या मॉडेलमध्ये आली. त्याच मोजक्या कळांवर देवनागरी बसवताना श, ख, ध, भ यांना स्वतःची पूर्ण कळ मिळाली नाही. आधी अर्धे अक्षर मारायचे, मग काना जोडायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती उच्चाराच्या उलट, आधीच मारायची.

लेखक आणि टंकलेखन यंत्र म्हटले की एकांतातला, सिगारेट ओढणारा कादंबरीकार डोळ्यांसमोर येतो. मला ते चित्र अर्धवट वाटते. मार्क ट्वेन यांच्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ची प्रकाशकाकडे गेलेली टंकित प्रतसुद्धा हस्तलिखितावरून दुसऱ्याच कोणी तयार केली होती. माझ्या गावात तर या यंत्राचा खरा लेखक सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाबाहेर, लाकडी टेबलामागे बसे.

एकदा वडिलांबरोबर गेलो असताना त्याचे काम जवळून पाहिले. समोरच्या बाईंना त्याने विचारले, “मावशी, जमीन कुणाच्या नावावर हाय?” त्या म्हणाल्या, “सासऱ्याच्या. आता ते न्हाईत.” यंत्रावर उमटले ते असे: ‘सदर मिळकत अर्जदार यांचे मयत सासरे यांचे नावे असून’. वर ‘कारणे अर्ज ऐसाजे’ आधीच मारलेले होते. खाली दोन कार्बन होते आणि शेवटच्या प्रतीत सासरे जेमतेम दिसत होते. त्या बाईंचे सांगणे कायद्याच्या भाषेत नेणारा तो माणूस माझ्या दृष्टीने लेखकच होता, फक्त त्याचे नाव कुठे छापले जात नसे.

गोदरेजने १९५५ मध्ये देशी यंत्र बाजारात आणले, आणि पुढे संगणकाने सगळेच मोडीत काढले. त्याच जुन्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भरते आहे. परवा तिथून येऊन मी संगणकावर ‘किल्ला’ लिहायला घेतला. बोट सवयीने आधी वेलांटीवर गेले, आणि ती पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून ‘क’ची वाट बघत बसली.