थ्रीपीओची छाती: चौथ्या बोर्डावर अखेर धातू दिसला

मंडळी, ‘स्टार वॉर्स’मधल्या सोनेरी यंत्रमानवाची, म्हणजे थ्रीपीओची, छाती काल रात्री माझ्या चित्रात चकाकली! पाच आठवडे आणि तीन बोर्ड खर्ची पडल्यावर.

त्याचा जोडीदार यंत्रमानव आर-टू, त्याच्या डोक्याचा घुमट मागच्या नोंदीत दाखवला होता, तो तसाच आहे. गाडं अडलं होतं ते सोनेरी महाशयांपाशी. मी नक्कल करतेय ते, चित्रकार रॅल्फ मॅक्वारींनी चित्रपट बनण्याआधी काढलेलं १९७५ सालचं वाळवंटातलं चित्र तुम्ही सगळ्यांनी निरखलंय, तेव्हा ठाऊकच आहे की हा पडद्यावरचा थ्रीपीओ नव्हे. हा १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’ चित्रपटातल्या यंत्रस्त्रीचा, यंत्रमारियाचा भाऊ शोभेल असा, सडपातळ आणि जरासा हरवलेला. मॅक्वारी आधी बोइंगमध्ये तांत्रिक चित्रं काढायचे. पत्र्यावर उजेड कसा वळतो, ते त्यांच्या हातात मुरलेलं होतं. माझ्या हाताला ते पहिल्यापासून शिकावं लागतंय.

सोनेरी ट्यूब मी पहिल्याच बोर्डावर बाद केली. धातूला स्वतःचा रंग थोडाच, बाकी सगळं प्रतिबिंब: खालून तापलेली वाळू, वरून आकाश, मध्ये क्षितिजाचा गडद पट्टा. हे कळलं, पण पट्ट्याची कड मऊ होईना. गॉश (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) वाळला तरी ओल्या ब्रशनं पुन्हा उठतो. कड विरघळवायला गेलं की खालचा ऑकर (मातकट पिवळा) वर यायचा आणि छातीभर चिखल. त्यात श्रावणातली दमट हवा. एरवी वीस मिनिटांत वाळणारा थर दोन तास ओलसर. शिवाय वाळताना फिका रंग गडद होतो, गडद फिका, त्यामुळे ओल्यात जुळवलेली व्हॅल्यू (रंगाचा फिका-गडदपणा) सकाळी भलतीच दिसायची. तिसरा बोर्ड तर आलाच वाकडा. ऑनलाइन मागवला होता, विक्रेत्यानं बदलूनही दिला नाही. बोर्ड आता अप्पा बळवंत चौकात जाऊन, डोळ्यांसमोर धरून, कड तपासूनच घेते.

वाट सापडली ती मॅक्वारींच्याच सवयीत. ते गॉशबरोबर अ‍ॅक्रिलिकही वापरत. मग खालचा सगळा थर अ‍ॅक्रिलिकमध्ये केला. तो एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. वर गॉशच्या पाच व्हॅल्यू आधीच कालवून ठेवल्या, प्रत्येकीची पट्टी हेअर ड्रायरनं वाळवून मगच जुळवली. आणि विरघळवणं पूर्ण बंद! जवळजवळ कोरड्या दोन नंबरच्या ब्रशनं बारीक रेघा, एकीशेजारी एक. यासाठी स्वस्त सिंथेटिक ब्रशच उत्तम, महागडे सेबल केसांचे ब्रश झिजवू नका. पांढरा मात्र चांगल्या गॉशचाच घ्या. पोस्टर कलरच्या पांढऱ्यानं माझा झळाळीचा शेवटचा ठिपका प्रत्येक वेळी राखाडी पडला.

आता डोळे. थ्रीपीओ साकारणारे नट अँथनी डॅनियल्स भूमिकेसाठी फारसे उत्सुक नव्हते, पण मॅक्वारींचं हे चित्र पाहून, त्यातला चेहरा पाहून त्यांचं मन वळलं. त्यामुळे तिथे घाई करायचा धीर होत नाही.

पुढे ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायकाचं, व्हेडरचं द्वंद्वयुद्ध रंगवायला घेणार होते. पण हे लिहितानाच मनात आलं की अ‍ॅक्रिलिकवर गॉश एवढा शांत बसत असेल, तर आकाशही याच रीतीनं करता येईल. तेव्हा द्वंद्वयुद्ध लांबणीवर. उद्या उरलेल्या तुकड्यावर नुसतं आकाश, सात व्हॅल्यूंत, आणि ते साधलं तर याच बोर्डावरचं जुनं आकाश झाकून टाकते.