त्यांच्या मतांशी तुझा काय संबंध?

गणपतीत मंडळात गेलं की कुणीतरी विचारतंच. पुण्याला फोन केला की दादाही विचारतो : "कृष्णवर्णीयांच्या मतांसाठी तू कशाला राबतेस? आपला काय संबंध?" इथे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात निवडणूक जवळ आली की मी सुट्टीच्या दिवशी दारोदार हिंडून मतदार नोंदणीचे अर्ज भरून घेते, त्यावरून हे. आजवर विषय बदलत आले. आता एकदा सांगतेच.

1923 मध्ये भारतातून इथे आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. ते दार उघडायला 1946 उजाडलं. 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांची पोलिसांनी डोकी फोडली, 6 ऑगस्टला वंशावरून मतदान नाकारायला बंदी घालणाऱ्या मतदान हक्क कायद्यावर सही झाली, आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला आपल्यासारख्यांना इथे येऊ देणारा इमिग्रेशनचा कायदा झाला. कृष्णवर्णीयांच्या एकाच चळवळीच्या रेट्यात दोन्ही कायदे झाले. मग संबंध नाही कसा?

पण इतिहास वाचून मी घराबाहेर पडले नाही. मला बाहेर काढलं ते नोव्हेंबर 2018 ने. अर्जातली माहिती सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळली नाही की अर्ज प्रलंबित, असा तेव्हा नियम होता. राज्यात 50 हजारांवर अर्ज असे अडकले होते, बहुतेक कृष्णवर्णीयांचे. त्यात माझाही होता. लायसन्स ग्रीन कार्डावर काढलेलं, त्यामुळे त्या नोंदीत मी अजून परदेशीच. मतदानाच्या दिवशी नागरिकत्वाचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून केंद्रावर नेलं. टेबलावरच्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, वरच्यांना दाखवलं, आणि माझं काम झालं.

शेजारच्या टेबलाशी सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय आजी उभ्या होत्या. त्यांचं जुनं केंद्र बंद झालेलं. नवं कुठलं ते इथे आल्यावर कळलं, तेही काही मैलांवर. मी म्हटलं, गाडी आहे, सोडते. त्या म्हणाल्या, "नको. तिथून तिसरीकडे पाठवतील." त्यांनी तात्पुरती मतपत्रिका मागितली. पाकिटावर नाव, पत्ता, जन्मतारीख, सही, सगळं सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं. मग विचारलं, "हे मोजतात का?" उत्तर आलं, "तपासून." त्या माझ्याकडे वळल्या. "तुझं झालं ना, पोरी? छान झालं." पहिलं मत दिलं तेव्हा मतदान हक्क कायदा जेमतेम वर्षाचा होता, म्हणाल्या. जन्म याच राज्यातला. माझ्याकडे दाखवायला कागद होता. त्यांची अडचण सुटेल असा कागदच नव्हता.

पूर्वी याच कायद्यामुळे जॉर्जियासारख्या राज्यांना मतदान केंद्र हलवायचं झालं तरी वॉशिंग्टनची आगाऊ मंजुरी लागायची. कोणत्या राज्यांना लागेल ते ठरवणारं सूत्रच 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केलं. 2018 पर्यंतच्या काही वर्षांत राज्यातली 200 वर केंद्रं बंद झाली. 2021 च्या कायद्याने तर चुकीच्या केंद्रावर संध्याकाळी पाचच्या आत दिलेलं असं तात्पुरतं मत मोजायचंच नाही, असं ठरवलं.

मतदानाला ओळखपत्र मागण्याचा मुद्दा मीही एके काळी तावातावाने मांडायचे : भारतात दाखवतो, मग इथे दाखवायला काय झालं? भारतात निवडणूक आयोग मतदार शोधत घरी येतो, कार्ड फुकट देतो. इथे नाव आपणच नोंदवायचं, मतदान मंगळवारी, बहुतेकांना सुट्टी नाही. टेक्सासच्या 2011 च्या कायद्यात बंदुकीचा परवाना चालायचा, विद्यार्थ्याचं ओळखपत्र नाही. तरी ओळखपत्र मागणं मुळातच चूक, असं मी आजही म्हणणार नाही. कोणतं मागता आणि ते कुणाकडे नसतं, हे आधी बघा, एवढंच माझं म्हणणं.

दादाचं पुढचं तयार असतं : "एवढे अडथळे, मग 2022 ला जॉर्जियात मध्यावधी निवडणुकीतल्या मुदतपूर्व मतदानाचा विक्रम कसा झाला?" झाला, खरं आहे. लोक हट्टाने उभे राहिले म्हणून अडथळा नव्हता असं ठरत नाही, असं मी म्हणते. "सिद्ध कर," तो म्हणतो. आकड्यांनी मला ते करता येत नाही, आणि त्यालाही उलट सिद्ध करता येत नाही. फोन बहुतेक वेळा इथेच संपतो. येत्या शनिवारी मी अर्ज घेऊन जाणारच आहे.