आमची वाटचाल : सागाला रंग लावत नाही, सनमायकाला सोडत नाही

भुसावळकरांना वेगळं सांगायला नको, इथं रेल्वे आहे, भुसावळ आणि वरणगाव दोन्हीकडं ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, दीपनगरचं थर्मल पॉवर स्टेशन आहे, म्हणजे बदल्या आणि रिटायरमेंट बारा महिने चालूच, आणि माणूस क्वार्टर सोडून गावाकडं नाहीतर पुण्याला पोराकडं निघाला की पहिला प्रश्न पडतो तो ह्या फर्निचरचं करायचं काय. शोकेस, टीव्ही ट्रॉली, ड्रेसिंग टेबल, बॉक्स दिवाण, रेक्झिनचा सोफा. सगळं ८०-९० च्या काळातलं, एकतर काळपट चॉकलेटी पॉलिश नाहीतर फुलाफुलांचा सनमायका, आणि जुन्या बाजारात भाव असा सांगतात की विकणाऱ्याचा जीव तुटतो. आमचा धंदा ह्याच मालावर उभा आहे, जुनं फर्निचर दुरुस्त करून, रंगवून त्याला नवं रूप द्यायचं.

सुरुवात २०१७ ची, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माझे सासरे, आम्ही आबा म्हणतो, आयुष्यभर सुतारकाम केलेले, नवरा साइटवर पेंटिंगची कामं घ्यायचा, आणि मी एका दुकानात हिशोब लिहायचे. तिघांच्या हातातलं काम एकत्र आलं एवढंच. त्याच सुमारास यावल-रावेर पट्ट्यात लोक केळीच्या मळ्यात हौसेनं घरं बांधायला लागले होते, हायवेवर गावरान जेवणाची हॉटेलं निघत होती, आणि ह्या सगळ्यांना चकचकीत लॅमिनेट नको होतं. मोबाईलमध्ये परदेशातले फोटो घेऊन यायचे, पांढरी कपाटं, दारावर फुलीची पट्टी, कडा घासलेल्या, वर जाड खडबडीत फळी. आम्ही म्हटलं हे तर जुन्या मालातून होतंय, नवीन प्लाय आणून त्याला जुनं दाखवण्यापेक्षा खरंच जुनं का घेऊ नये?

फोटोतला तो मऊ, खडूसारखा रंग म्हणजे चॉक पेंट. ॲनी स्लोन म्हणून इंग्लंडच्या बाई आहेत, त्यांनी १९९० मध्ये तो आणला. बाहेरून मागवायचा तर आमच्या गिऱ्हाइकाला परवडत नाही, म्हणून आम्ही घरीच बनवतो, साधा मॅट इमल्शन तीन भाग, प्लास्टर ऑफ पॅरिस एक भाग आणि पाणी एक भाग, पीओपी आधी पाण्यात गुठळी न राहता कालवायचं आणि मग रंगात टाकायचं. पण पीओपीवाला रंग डब्यात घट्ट होतो, त्यामुळं लागेल तेवढाच करायचा, आणि मोठं काम असेल तर पीओपीऐवजी खडूची पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घालतो, तो रंग टिकतो पण आणि घासायला मऊ पण लागतो. रंगांच्या छटा मात्र आम्ही फोटोतल्या घेतल्या नाहीत. चुन्याचा पांढरा, गेरू, जुन्या दारांना असायचा तो निळा, आणि निंबाच्या कोवळ्या पाल्याचा हिरवा. खान्देशातल्या मळ्यातल्या घरात हेच शोभतं असं माझं स्पष्ट मत आहे, तो फिकट राखाडी रंग आपल्या उन्हात आणि धुळीत मळकट दिसतो.

मागे रेल्वे क्वार्टरमधून एक शोकेस आलं होतं त्याचं सांगते, कारण आमचं बरंचसं काम त्या एका नगात बसलंय. फ्रेम सागाची, पाट्या कमर्शियल प्लायच्या, त्यावर लाकडी रेघांचा सनमायका, समोर सरकत्या काचा आणि पाय बारीक निमुळते. सनमायका जिथं घट्ट बसलाय तिथं तो काढण्याच्या भानगडीत पडायचं नाही, १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक मारायची, थिनरनं पुसायचं आणि प्रायमर. जिथं फुगलाय तिथं हीट गननं गरम करून पट्टीनं हळूहळू उचलायचा. ह्याच्या मागच्या पाटीला ओल लागून प्लायचे पापुद्रे सुटलेले, ती पाटीच काढली आणि तिथं पाईनच्या उभ्या फळ्या मारल्या. ह्या फळ्या एमआयडीसीत मशीनच्या पॅकिंगबरोबर येणाऱ्या पॅलेटच्या. पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का बघायचा बरं का, एचटी असेल तर लाकूड ५६ डिग्रीला निदान ३० मिनिटं गरम केलेलं असतं, ते चालतं, आणि एमबी लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते आम्ही फुकट दिलं तरी घरात लागणाऱ्या वस्तूला वापरत नाही.

सरकत्या काचा काढल्या आणि चौकटीची दारं करून त्यात जाळी बसवली. फोटोत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी असते, पण आपल्याकडं दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट घरोघरी होतंच की, तीच बारीक जाळी लावली. बिजागऱ्या आणि कड्या लोहाराकडून ठोकून घेतल्या. वरची फळी सागाची, एका गावात धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकत होते तिथून आणलेली, खिळ्यांची भोकं तशीच ठेवली, आबांनी फक्त रंधा हलका फिरवला.

रंग देताना आधी गेरूचा एक हात आणि वरून चुन्याच्या पांढऱ्याचे दोन हात. पांढऱ्याच्या आधी कडांना मेणबत्ती घासून घेतो, तिथं वरचा रंग धरत नाही आणि नंतर पेपर मारला की खालचा गेरू छान उघडा पडतो. कुठं घासायचं हे फार महत्त्वाचं आहे. बरेच जण कुठंही पेपर मारतात आणि मग वस्तू जुनी न दिसता खराब दिसते. हात जिथं खरंच लागतो तिथं घासायचं, कडीच्या भोवती, दाराच्या उघडणाऱ्या बाजूला, खालच्या पट्टीला जिथं झाडू आणि पाय लागतात. वरच्या कोपऱ्यात, जिथं कुणाचा हात पोचत नाही, तिथं रंग अख्खाच राहू द्यायचा.

ह्या पांढऱ्या रंगानं सुरुवातीला आम्हाला फार छळलं होतं. सागावर किंवा शिसवावर पांढरा मारला की दोन-तीन दिवसांनी आतून पिवळे-तपकिरी डाग वर यायचे, परत मारला तरी परत यायचे. लाकडातलं टॅनिन पाण्याच्या रंगात विरघळून वर येतं म्हणून हे होतं. इलाज सापडला पॉलिशवाल्या चाचांकडं, त्यांनी काही न बोलता चपडी स्पिरिटमध्ये भिजवली आणि कापडाच्या बोळ्यानं दोन हात मारून दिले, त्यावर पांढरा मारला तो आजपर्यंत तसाच आहे. चपडी म्हणजे लाखच, पळसावर, बोरीवर किडे करतात ती, आणि ती टॅनिनला वर येऊच देत नाही. एवढी महागडी प्रायमरं बाजारात आहेत पण आमच्याकडं अजून चपडीच चालते. चाचा आता आठवड्यातून काही दिवस आमच्याकडंच असतात.

खान्देशचं ऊन हा वेगळाच विषय. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो, ब्रश फिरवेपर्यंत रंग सुकतो आणि रेघा उमटतात, त्यामुळं उन्हाळ्यात रंगकाम सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि मग दुपारभर सावलीत सुतारकाम. फिनिशिंगला मधमाशीचं मेण सगळे सांगतात, पण नुसतं मेण आपल्याकडं उन्हाळ्यात नरम पडतं, चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून आम्ही त्यात कडक असं कार्नोबा मेण मिसळतो, आणि टेबलाच्या वरच्या बाजूला तर मेण नाहीच, तिथं पाण्याचा मॅट टॉप कोट. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत चपडीचं पॉलिश पांढरं पडतं, तेव्हा चाचा सरळ थांबतात आणि आम्ही गिऱ्हाइकाला तारीख वाढवून मागतो. आणि कुणी घरी जवसाचं तेल वापरत असाल तर तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते, आम्ही दोरीवर पसरून वाळवतो नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकतो.

दुसरी काळजीची गोष्ट म्हणजे जुना ऑइल पेंट. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडं २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे आमच्याकडं येणारा बहुतेक माल त्याच्या आधीचा. अशा वस्तूला कोरडा पेपर आम्ही मारत नाही, पाणी लावून घासतो, मास्क घालतो, आणि तेव्हा पोरांना शेडमध्ये येऊ देत नाही. गिऱ्हाइकाला हे काही दिसत नाही, पण पाळणा किंवा लहान मुलांचा टेबल आला की मी स्वतः उभी राहून हे करून घेते.

आता शीर्षकातलं. सनमायका, प्लाय, खराब झालेलं पॉलिश, ठिगळ लावलेलं लाकूड, ह्याला आम्ही हौसेनं रंग देतो. पण चांगला जुना साग, सातपुड्यातला, ज्याचे रेषे सरळ आहेत आणि सांधे अजून खिळ्याशिवाय घट्ट आहेत, त्यावर रंग मारत नाही. जळगावच्या एक ताई आजीचं फडताळ घेऊन आल्या होत्या, पांढरं करून द्या म्हणाल्या. आबांनी दार उघडून आतली चूळ, म्हणजे लाकडात लाकूड बसवलेला सांधा, बघितली आणि म्हणाले, "एवढं चांगलं लाकूड कशाले झाकू राह्यली वं पोरी?" ताई नाराज झाल्या, पैसे देतेय ना म्हणाल्या. त्यांचं पण चूक नव्हतं, वस्तू त्यांची. पण आम्ही सांगितलं की धुऊन, बारीक स्टील वूल मारून, मेण लावून देतो, पांढरं हवं असेल तर दुसरीकडं करून घ्या. त्या फडताळ घेऊन गेल्या. असं काम हातचं जातं आणि महिन्याच्या हिशोबात ते दिसतं, तरी ह्या बाबतीत आम्हा तिघांचं एकमत आहे, कारण रंग सागाच्या रेषांमध्ये गेला की तो पूर्ण कधीच निघत नाही.

तसंच बैलाच्या जुवाचं. जू भिंतीला लावून त्याला कड्या ठोकल्या की कपडे अडकवायला झकास होतं आणि हॉटेलवाले सारखं मागतात. पण ज्यांच्या दारात अजून बैल आहेत त्यांच्याकडून पैशाच्या अडचणीपायी निघालेलं जू आम्ही घेत नाही. ट्रॅक्टर आल्यावर खळ्यात पडून राहिलेली जुवं भरपूर आहेत, ती घेतो.

लॉकडाऊनमध्ये शेड बंद पडली, मग २०२० च्या दिवाळीच्या आधी एकदम कामं आली, लोक घरात बसून बसून आपल्याच फर्निचरला कंटाळले होते. आता आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी आणि दिवाळीच्या आधी सगळ्यात जास्त गर्दी असते, तेव्हा निदान दीड महिना आधी सांगा. शेडमध्ये आम्ही तिघं, चाचा, आणि दोन पोरं आहेत, त्यातला एक आयटीआयचा कारपेंटर ट्रेड करून आलाय आणि हात चांगला आहे त्याचा.

वस्तू दाखवायची असेल तर फोटो पाठवताना पुढून एक आणि मागून एक असे दोन पाठवा, ड्रॉवर असेल तर तो बाहेर काढून उलटा करून एक. पुढून सगळंच चांगलं दिसतं, लाकूड कुठलं आणि वाळवी आहे का ते मागूनच कळतं. वाळवीची बारीक माती दिसली तर घरातच हलवाहलव करू नका, आधी अंगणात उन्हात काढून ठेवा, आम्ही येऊन बघतो.